सिडनीच्या वाहिनीचा एक आठवडा आणि आपला बाजार

मालेगावचे नाव टीव्हीवर आले की आमच्या बाजारातला माणूस आधी उधारीची वही उघडतो. बाहेरगावचा व्यापारी त्या दिवशी फोन करतो, "सेठ, सब खैरियत?" असे विचारतो आणि फोन ठेवल्यावर पैसे थांबवतो. त्याला दोष देता येत नाही. त्याने आपले गाव कधी पाहिलेले नसते. त्याला टीव्हीने जेवढे दाखवले तेवढेच गाव माहीत असते.

8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या गावात स्फोट झाले. माणसे आमचीच गेली आणि आधी पकडलेही आमचेच तरुण गेले. त्यांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपातून मुक्त केले. त्या दहा वर्षांत कॅमेरे कितीदा आले आणि गेले. मिनार दिसले, कब्रस्तान दिसले, टोप्या दिसल्या. रात्रंदिवस चालणारे माग, सायझिंगचे कारखाने, कांडी भरणाऱ्या बायका, डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन चाललेले हमाल यांच्याकडे कॅमेरा वळला नाही. मी काही बातम्या देऊच नका असे म्हणणारा माणूस नाही. बातमी आहे तर द्यावी. पण वर्षभरात बातमीशिवाय आमचे दुसरे काही दिसतच नसेल, तर सुरतेचा किंवा कोलकात्याचा गिऱ्हाईक आमच्याविषयी काय अंदाज बांधणार?

टीव्ही हा आपल्या धंद्याचा प्रश्न आहे, हे माझ्या बिरादरीतल्या बऱ्याच लोकांना पटत नाही. काहींच्या मते ती बायकामुलांची करमणूक, काहींच्या मते ती फितनाच. म्हणून एका परदेशी वाहिनीचा एक आठवडा इथे मांडतो. मी तो स्वतः पाहिला आहे.

2014 च्या रमजानमध्ये मी सिडनीला पुतण्याकडे होतो. तो ऑबर्न भागात राहतो. तिथे तुर्की लोकांची वस्ती जुनी आहे, मोठी मशीद आहे, आणि आता आपल्याकडचे लोकही बरेच आहेत. तिकडे तेव्हा थंडीचे दिवस होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास इफ्तार होऊन जायचा आणि पुढे सगळी रात्र मोकळी. घरात जी वाहिनी लागलेली असायची तिचे नाव एसबीएस. स्पेशल ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. सरकारी पैशावर चालणारी, पण देशातल्या निरनिराळ्या भाषांच्या आणि वंशांच्या लोकांसाठी मुद्दाम काढलेली.

तिची जन्मकथा व्यापाऱ्याला आवडण्यासारखी आहे. 1975 मध्ये तिथल्या सरकारने मेडीबँक नावाची आरोग्य योजना काढली. योजना चांगली, पण बाहेरून आलेल्या कामगारांना इंग्रजी येत नव्हते. माल तयार आहे आणि गिऱ्हाइकाला तो काय आहे ते कळत नाही, अशी अवस्था. म्हणून सिडनी आणि मेलबर्नमध्ये सात-आठ भाषांत दोन छोटी रेडिओ केंद्रे सुरू झाली. त्यातून 1978 मध्ये ही संस्था उभी राहिली आणि 24 ऑक्टोबर 1980 रोजी, म्हणजे संयुक्त राष्ट्र दिनी, तिचा टीव्ही सुरू झाला. ज्या देशाने गोऱ्यांशिवाय दुसऱ्याला वसायला येऊ द्यायचे नाही असे धोरण 1973 पर्यंत या ना त्या रूपात चालवले, त्याच देशात सात वर्षांनी हे घडले. 1986 मध्ये सरकारने ही संस्था मोठ्या सरकारी प्रसारण संस्थेत विलीन करण्याचे ठरवले होते. तेव्हा ग्रीक, इटालियन, अरब, व्हिएतनामी असे सगळे लोक एकत्र होऊन विरोधात उभे राहिले आणि पुढच्या वर्षी सरकारला तो बेत सोडावा लागला. आपापसात ज्यांचे कधी पटत नव्हते तेही या एका गोष्टीवर एकत्र आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता तो आठवडा. त्या वेळी ब्राझीलमध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू होता आणि त्याचे सर्व 64 सामने एसबीएसवर थेट दिसत होते. ब्राझीलची दुपार म्हणजे सिडनीची रात्र. पुतण्या म्हणायचा, "चाचा, आता झोपलो तर सहरीला उठवणार कोण? मॅच बघू आणि सहरी करूनच झोपू." त्या मंगळवारी रात्री दोन वाजता फ्रान्स आणि नायजेरिया खेळले. मग सहरी झाली, फजर झाली, आणि सहा वाजता जर्मनीविरुद्ध अल्जिरिया सुरू झाला. नव्वद मिनिटे अल्जिरियाने जर्मनीला गोल करू दिला नाही. जादा वेळेत दोनास एक असे हरले, आणि त्याच जर्मनीने पुढे चषक जिंकला. खाली रस्त्यावर उजाडले होते आणि समोरच्या लेबनीज बेकरीत गोरे, काळे, अरब असे सगळे गिऱ्हाईक उभ्या उभ्या तोच सामना बघत होते. त्या बेकरीवाल्याची विक्री त्या सकाळी किती झाली असेल ते मी मनातल्या मनात मोजत होतो. सवय आहे, जात नाही.

फुटबॉल त्या देशात पूर्वी परदेशी लोकांचा खेळ समजला जाई. गोऱ्यांचे खेळ वेगळे होते. एसबीएसने तोच खेळ धरून ठेवला आणि वर्षानुवर्षे दाखवला, तेव्हा कुठे तो सगळ्यांचा झाला. त्यात लेस मरे या निवेदकाचे मोठे काम आहे. तो मूळचा हंगेरीचा, लहानपणी 1957 मध्ये आईबापांबरोबर निर्वासित म्हणून आलेला. 1980 मध्ये तो एसबीएसमध्ये लागला तो हंगेरियन चित्रपटांखाली इंग्रजी ओळी लिहिणारा म्हणून. तिथून तो देशातल्या फुटबॉलचा आवाज झाला. 2017 मध्ये वारला तेव्हा त्याचा अंत्यविधी सरकारी इतमामाने झाला.

या खालच्या ओळींबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळी गोम तिथे आहे. मी उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी पुढे धंद्यात, तार आणि चलनावरून शिकलो. ऐकलेले इंग्रजी मला आजही निसटते, पण लिहिलेले समजते. सिडनीत त्या आठवड्यात मी एक इराणी चित्रपट पाहिला. कानावर फारसी पडत होती, त्यातले निम्मे शब्द आपल्या उर्दूमुळे ओळखीचे, आणि उरलेले निम्मे खालच्या ओळीत सापडत होते. माझ्या शेजारी पुतण्याचा भाडेकरू, एक पोलिश मुलगा, तोच चित्रपट बघत होता. त्याला फारसीचा गंध नाही. दोघे एकाच जागी हसलो. त्या इराणी घरातली भांडणे, गालिचा, चहाचा ग्लास, सासूचा टोमणा हे त्या पोलिश मुलाला कोणी समजावून सांगितले नव्हते. इराणी माणूस आपल्याच भाषेत बोलला आणि तरी शेजाऱ्याला समजले.

ही रीत एसबीएसने पहिल्यापासून ठेवली. आपला सबटायटलचा विभाग उघडला, त्यात भाषा जाणणारे लोक नेमले. माणसाला त्याच्या तोंडची भाषा सोडायला लावली नाही आणि शेजाऱ्यालाही बाहेर ठेवले नाही. सगळेच कार्यक्रम असे नसत, हे खरे. निरनिराळ्या देशांच्या बातम्या 1993 पासून त्या त्या भाषेत येऊ लागल्या. त्यांना इंग्रजी ओळी नसत, त्या ज्याच्या त्याच्यासाठीच. 2022 मध्ये त्या बातम्यांसाठी वेगळी वाहिनीच काढली. सोय झाली यात शंका नाही, तरी मला ते फारसे रुचले नाही. वेगळ्या गल्लीत दुकान टाकले की ओळखीचा गिऱ्हाईक येतो, पण सहज जाता जाता डोकावणारा येत नाही.

आठवड्यातले बाकीचे भरभर सांगतो. संध्याकाळी साडेसहाच्या बातम्या देणाऱ्यांत दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गृहस्थ होता. शनिवार-रविवारी ली लिन चिन नावाची, जकार्तात जन्मलेली आणि सिंगापुरात वाढलेली बाई. तिचे कपडे इतके तऱ्हेतऱ्हेचे की बातमी सोडून मी त्यांचे कटिंगच बघत बसायचो. शनिवारपासून फ्रान्सची सायकल शर्यत सुरू झाली, पण त्या वर्षी ती निघाली इंग्लंडच्या लीड्समधून आणि दुसऱ्या दिवशी हडर्सफील्डवरून गेली. जुन्या कापडवाल्यांना हडर्सफील्ड म्हणजे काय ते सांगायला नको. सुटिंगच्या किनारीवर ते नाव वाचत आम्ही मोठे झालो, ते गाव प्रथमच डोळ्यांनी पाहिले. शर्यतीच्या मधे एक फ्रेंच आचारी त्या त्या मुलखातले पदार्थ सांगतो. म्हणजे सायकलबरोबर चीजवाल्याचाही माल फिरतो.

खाण्याच्या कार्यक्रमात तर हे उघडच दिसते. 'फूड सफारी' नावाची मालिका 2006 मध्ये सुरू झाली आणि तिचे भाग पुन्हा पुन्हा लागतात. एका भागात एक मुलूख. लेबनॉन, मोरोक्को, आपला हिंदुस्थान. घरची बाई आपल्या स्वयंपाकघरात करून दाखवते आणि त्याला लागणारे सामान कोणते, ते कसे ओळखायचे, हेही सांगितले जाते. ऑबर्नच्या एका वाण्याने मला सांगितले की त्या भागांनंतर गोऱ्या बायका चिठ्ठी घेऊन सुमाक मागायला येऊ लागल्या. पूर्वी त्या त्याच्या दुकानासमोरून जायच्या, आत येत नव्हत्या. आत काय विकतात हेच त्यांना माहीत नव्हते.

आता गंभीर बाब. 11 डिसेंबर 2005 रोजी सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर हजारोंचा जमाव जमला आणि अरब दिसेल त्याला मारहाण झाली. त्यानंतर या वाहिनीने काय केले ते बघा. 2007 मध्ये 'ईस्ट वेस्ट 101' ही पोलिसी मालिका आली, तिचा नायक झेन मलिक नावाचा मुसलमान तपास अधिकारी. 2008 मध्ये 'सलाम कॅफे' आला. त्यात मुसलमान तरुण-तरुणी बसून स्वतःवर आणि इतरांवरही हसत. आणि 2014 च्या जानेवारीत 'वन्स अपॉन ए टाइम इन पंचबोल' ही माहितीपट मालिका आली, सिडनीतल्या लेबनीज लोकांची. पुतण्याने ती मला दाखवली. तिच्यात गुन्हेगारी टोळ्या आहेत, क्रोनुलाही आहे. झाकाझाकी नाही. पण यादवी युद्धातून पळून आलेले आईबाप, कारखान्यातले कष्ट, हेही त्याच लोकांच्या तोंडून आहे. पोलीस, गुंड, बाप, मुलगा असे सगळे एकाच समाजातले दिसले म्हणजे पाहणाऱ्याला तो समाज माणसांचा वाटू लागतो.

त्याच बाजूच्या वस्तीतली अहेदा झनेटी, लेबनॉनमध्ये जन्मलेली. भाचीला हिजाब सांभाळून नेटबॉल खेळताना होणारी अडचण बघून तिने खेळाचे कपडे शिवायला घेतले आणि 2004 मध्ये अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला. तोच बुर्किनी. क्रोनुलाच्या दंगलीनंतर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या संघटनेने मुसलमान मुलामुलींना भरती करायचे ठरवले, तेव्हा मुलींसाठी लाल-पिवळ्या गणवेशातला बुर्किनी तिच्याकडूनच आला. 2016 मध्ये फ्रान्सच्या काही गावांनी त्यावर बंदी घातली. 26 ऑगस्टला तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने एका गावची बंदी स्थगित केली, आणि या गदारोळात आपली विक्री वाढल्याचे झनेटीने सांगितले. आमच्या धंद्यातल्या लोकांनी विचार करावा. कापड नवे नव्हते, शिलाई नवी नव्हती. गरज ओळखली आणि नाव नोंदवून घेतले. आमच्या गावात इतके कापड निघते, पण बहुतेक दुसऱ्याच्या छापाखाली विकले जाते.

पैशाचे म्हणाल तर एसबीएसचा बहुतेक खर्च सरकार देते. 1991 च्या कायद्याने जाहिराती घेण्याची मुभा मिळाली, पण तासाला पाच मिनिटांच्या वर नाही. 2015 मध्ये दिवसाची एकूण मर्यादा तीच ठेवून, गर्दीच्या वेळी तासाला दहा मिनिटांपर्यंत जाहिराती घेऊ द्याव्यात असे विधेयक आले. खाजगी वाहिन्यांनी कडाडून विरोध केला आणि वरिष्ठ सभागृहात ते पडले. मला या पराभवातही फायदा दिसला. ज्या प्रेक्षकांत पैसा नाही त्यांच्यासाठी कोणी भांडत बसत नाही. निरनिराळ्या भाषांचे हे लोक खर्च करतात, हे खाजगी वाहिन्यांनी स्वतःच कबूल केल्यासारखे झाले. मुसलमान त्या देशात 2011 च्या जनगणनेत शंभरात दोनच्या आसपास होते, 2021 मध्ये तीनच्या वर गेले. आणि रेडिओवर कोणत्या भाषा ठेवायच्या हे जनगणनेचे आकडे बघून ठरते. बोलणारे किती, इंग्रजी कितींना येत नाही, म्हातारे किती, नवे आलेले किती. हिशेबाचे काम आहे, मेहरबानीचे नाही.

चुकाही झाल्या. 2003 मध्ये त्यांनी हनोईच्या सरकारी टीव्हीच्या बातम्या व्हिएतनामी लोकांसाठी सुरू केल्या. ऑस्ट्रेलियातले बहुतेक व्हिएतनामी त्याच सरकारपासून पळून आलेले. हजारो लोक निदर्शनाला उतरले आणि काही आठवड्यांत त्या बातम्या बंद कराव्या लागल्या. भाषा जुळली, गिऱ्हाईक ओळखला नाही. शिवाय रात्री उशिराचे काही परदेशी चित्रपट घरच्यांसमोर बघण्यासारखे नसतात. पुतण्या दहानंतर रिमोट स्वतःकडे ठेवायचा.

आपल्याकडे काय आहे? 2001 मध्ये खाजगी ईटीव्ही उर्दू आली, 2006 मध्ये दूरदर्शनची डीडी उर्दू. चांगले मुशायरे, चांगल्या मुलाखती पाहिल्या. पण ते पाहणारे आम्हीच. नाशिकचा मराठी दुकानदार, जो माझ्याकडून तीस वर्षे लुंगी नेतो, तो डीडी उर्दू लावणार नाही, आणि लावली तर लिपीपाशीच अडेल. आपण आपल्याशीच बोलत राहिलो. याउलट फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट 2012 मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्यात आमच्या गावची पोरे आपल्या बोलीत बोलतात, खाली इंग्रजी ओळी, आणि मागावर काम करणारा काटकुळा तरुण सुपरमॅन होतो. तो पाहिल्यावर सुरतेच्या एका सूतवाल्याने मला पहिल्यांदाच स्फोट सोडून दुसरे काहीतरी विचारले. "तुमच्याकडे सिनेमे खरेच एवढ्या कमी पैशात काढतात?" 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तेव्हा तर नाशिकचा तो दुकानदार बायकोसह गाव बघायला आला आणि जाताना माल घेऊन गेला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आठवड्याला अर्धा तास महाराष्ट्रातल्या कारागिरांना द्यावा, ते ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत, खाली मराठी ओळी देऊन. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू विणणारा दखनीत बोलेल. भिवंडीचा मोमीन आपल्या पूरबी उर्दूत बोलेल. सोलापूरचा पद्मशाली चादरवाला तेलुगूत बोलेल, कारण हा कार्यक्रम फक्त मुसलमानांचा केला तर पुन्हा तीच वेगळी गल्ली. ईदच्या दिवशी शीरखुर्मा दाखवणे पुरे झाले. तो दाखवतातच. बाकीचे एक्कावन्न आठवडे माणूस काय करतो ते दाखवा.

जाहिरात कोण देणार, असे मला विचारले जाते. आम्ही द्यावी. ज्या व्यापाऱ्याला मुलाच्या लग्नात मंडपावर खर्च करता येतो त्याला दहा जणांत मिळून अर्ध्या तासाची जाहिरात जड जाऊ नये. आणि ओळी लिहायला माणसे कुठून येणार? दोन्ही भाषा जाणणारी, डी.एड. करून घरी बसलेली मुले-मुली आमच्या गल्लीगल्लीत आहेत. लेस मरेची सुरुवातही तिथूनच झाली होती.

जुम्म्याला माग बंद असतात. येत्या दोन जुम्म्यांत आमच्या बाजारातले काही लोक नमाजनंतर बसून दूरदर्शनला पाठवायच्या पत्रावर सह्या घेणार आहेत. मसुदा तयार आहे, पण तो उर्दूत आहे. मराठी चांगली असलेल्या कोणी वाचकाने तो नीट उतरवून दिला तर या पानाच्या संपादकांकडे पाठवावा, ते माझ्यापर्यंत पोहोचवतील.